साडूंचा डोंगर आणि त्याचा भाव

जगात कुठलीही गोष्ट फुकट मिळते हे माझ्या साडूंना सहन होत नाही. इतरांना मिळालेली तर नाहीच, स्वतःला मिळालेलीही नाही. शॅननच्या एका आयरिश कंपनीसाठी ते विमानाच्या तिकिटांचे दर ठरवतात. तुम्हाला घाईने घरी जायचं असतं नेमक्या त्याच दिवशी तिकीट दुप्पट होतं, त्यामागे अशीच विद्वान माणसं असतात. आमच्याकडे ल्यूकनला जेवायला आले की माझ्या बायकोला बजावतात, "आग्रह केला की पोळीची किंमत पडते." आणि पोळी घेतात.

अशा माणसाने ट्रलीच्या पुढे, केरीच्या डोंगराळ भागात एक जुनं शेतघर घेतलं आणि घराबरोबर मागच्या डोंगरावर मेंढ्या चारायचा हक्क त्यांच्या पदरात पडला. डोंगर सगळ्या वस्तीचा सामायिक, त्यात घराघराचे वाटे. साडूंकडे एकही मेंढी नव्हती. त्यांच्या वाट्यावर शेजारच्या नोराच्या मेंढ्या वर्षानुवर्षं चरत आल्या होत्या. नोरा म्हणजे सत्तरी ओलांडलेली, जिभेला धार असलेली विधवा. चराईबद्दल ती नाताळात बटाट्यांचं एक पोतं दारात ठेवून जायची. साडू पोत्याकडे बघून कळवळले. "हा काय भाव झाला? जिथे भाव नाही तिथे नासाडी." त्यातच त्यांना कळलं की हरणाच्या शिकारीचा परवाना इथलं सरकार फुकट देतं आणि शिकारी मालकाला नुसतं विचारून त्याच्या रानात शिरतात. त्या दिवशी त्यांनी अर्धा चहा तसाच टाकला म्हणे.

मग त्यांनी गावच्या हॉलमध्ये चराईचा लिलाव पुकारला. शिकाऱ्यांसाठी वेगळे दर काढले, कोरड्या दिवसाचा महाग, पावसातला स्वस्त. केरीत कोरडा दिवस कोणी पाहिलाय, हे विचारायचं मी टाळलं. सगळा गाव आला. साडूंनी ठेवलेला केक गावाने मनापासून खाल्ला, हवेबद्दल मनापासून बोलला, आणि बोली मागितल्यावर छताकडे बघत बसला. नोराच्या चराईवर बोली लावून तिच्या शेजारी राहायची कुणाची तयारी नव्हती. शेवटी नोरानेच कप खाली ठेवला. "केक ग्रँड होता," म्हणाली आणि निघाली. पाठोपाठ हॉल रिकामा. परतताना गाडीत साडू मला म्हणाले, "बाजार अजून परिपक्व नाही."

नोराने मेंढ्या काढून घेतल्या तशी त्या वाट्यावर काटेरी झुडपं माजली. शिकारी फिरकेनात, म्हणून हरणं खाली उतरली आणि माझ्या मेहुणीने लावलेली मेथी मुळासकट खाऊन गेली. साडूंनी दर उतरवले, मग निम्मे केले, मग सोडूनच दिले. तरी कोणी येईना. मेहुणीने बोलणं टाकलं तेव्हा ते नोराच्या दारात गेले.

"मेंढ्या पाठवीन," नोरा म्हणाली, "पण आता पैसे मी घेणार."

साडूंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. आपली भाषा बोलणारं माणूस त्या गावात त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. पुढे दर रविवारी ते नोराच्या स्वयंपाकघरात घासाघीस करत बसायचे. पाऊस असला की ती भाव वाढवायची. साडू कौतुकाने द्यायचे. शिकारीही परत आले, नोराला विचारून.

मागच्या हिवाळ्यात नोराचे गुडघे गेले. मेंढ्या विकून ती लेकीकडे राहायला आली, योगायोगाने आमच्याच वसाहतीत. हल्ली साडू वरचेवर येतात. आम्हाला भेटायला, असं सांगतात, पण गाडी आधी तिकडे थांबते. परवा त्यांना जेवायला बोलवायला मी गेलो. दोघं खिडकीशी बसून समोरची, यंत्राने सारखी कापलेली हिरवळ बघत होते.

"एवढं गवत," नोरा म्हणाली.

"हो ना," साडू म्हणाले. "आणि खायला कोणी नाही."

दोघंही पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. पानं वाढली आहेत, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मीही तिथेच एक खुर्ची ओढून बसलो.