मीठ आणि जाळ

बारावीच्या केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी होतं आणि आम्हा सगळ्यांना आदल्या सकाळी अचानक अभ्यास आठवला होता. वर्षभर प्रयोगशाळा कधीमधी उघडायची. तहान लागल्यावर विहीर खणायची, हा आमचा शिरस्ताच. सगळे सॉल्ट अ‍ॅनालिसिसच्या मागे लागले होते. बाहेरून येणारे परीक्षक प्रत्येकाला एक पांढरी पूड देणार आणि त्या पुडीत कोणता धातू आहे ते आम्ही ओळखायचं. त्यातली एक पायरी म्हणजे तारेच्या टोकाला पूड लावायची, ज्योतीत धरायची आणि जाळाचा रंग बघायचा. विटकरी लाल दिसला तर कॅल्शियम, हिरवा दिसला तर बेरियम.

रंग मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते. पण तार धरायचं काम वर्षभर माझ्या मैत्रिणीनं केलं होतं. तिनं जाळात धरायचं, मी रंग सांगायचा, अशी आमची वाटणी. त्या सकाळी सर म्हणाले, "उद्या ज्याचं त्यानं करायचं. शेजारी बघायचं नाही." मी तार उचलली, पूड लावली, ज्योतीजवळ नेली आणि माझा हात आपोआप मागं आला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर तारच हातातून पडली.

मैत्रीण हसायला लागली. "अगं, फटाक्याच्या गावची तू, आन् तूच भ्यायलीस?"

सगळी प्रयोगशाळा हसली. मला असा राग आला! वर्षातून एकदा फुलबाजी पेटवणाऱ्यांना काय कळणार? मी तेरखेड्याची. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, फटाक्यांची दारू कालवायच्या कामावर. आमच्या घरी सांजवात दादांची अंघोळ झाल्याशिवाय लागत नाही, मग कितीही अंधार पडू दे. कामावरून आले की ते ओट्यावरच थांबतात. कपडे बाहेरच काढून पाण्यात बुडवतात, डोक्यावरून पाणी घेतात आणि मगच उंबरा ओलांडतात. तोवर चूल नाही, गॅस नाही, उदबत्तीसुद्धा नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत, त्याच हातानं त्या मला लहानपणी पेढा द्यायच्या. पूड आणि जाळ एकत्र येऊ द्यायचे नाहीत, हे मी पाटी-पेन्सिलीच्या आधी शिकले होते. आता बोर्ड म्हणत होतं, आण एकत्र, त्याचेच मार्क आहेत.

आणि मार्क मला हवेच होते. लेखी पेपरवर माझा भरवसा नव्हता. प्रॅक्टिकलनं हात दिला तरच फार्मसीला जाता येणार होतं. नाहीतर गावातल्या पोरींसारखी मीही फटाक्यांना वाती भरायला बसणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं.

घरी आले तेव्हा आई दळणाला गेली होती. दादांना यायला अजून वेळ होता. मी सायकलच्या ब्रेकची जुनी तार शोधली, बशीत चमचाभर मीठ घेतलं आणि गॅस पेटवला. साध्या मिठानं जाळ पिवळा होतो. म्हटलं, जेवणातल्या मिठाला तरी भ्यायचं नाही.

त्या दिवशी दादा लवकर आले.

"ए! काय करायलीस? बंद कर! आधी बंद कर ते!"

मी वळून पाहिलं. दादा उंबऱ्याबाहेर उभे होते. अंगावर कामाचे कपडे, हात कोपरापर्यंत राखाडी. त्यांना दिसत होती पेटलेली शेगडी, शेजारी बशीत पांढरी पूड आणि मध्ये मी. आणि त्यांना आत येता येत नव्हतं. पाऊल पुढं टाकलं असतं तर त्यांच्या कपड्यांनीच घात केला असता. ते दोन्ही हातांनी चौकट धरून नुसते ओरडत होते. एवढ्या मोठ्या माणसाला इतकं लाचार झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मी गॅस बंद केला. दादा तिथंच ओट्यावर मटकन बसले.

"काय व्हतं ते?" त्यांनी विचारलं.

"मीठ, दादा. भाजीतलं मीठ."

मग रडत रडत सगळं सांगितलं. तार, रंग, उद्याची परीक्षा, हसणाऱ्या पोरी. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे ते शिक्षण. ते उठले आणि अंघोळ करायला लागले. नेहमीपेक्षा जास्त पाणी घेतलं, दोनदा साबण लावला, नखं घासली. धुतलेले कपडे घालून आत आले आणि म्हणाले, "लाव गॅस."

मी लावला. दादांनी माझ्या हातातून तार घेतली, मिठात बुडवली आणि जाळात धरली. जाळ पिवळाधमक झाला. इतकी वर्षं ज्या हातांनी पूड जाळापासून लांब ठेवली, तेच हात आज माझ्यासाठी ती जाळात धरत होते.

"बघ," ते म्हणाले, "काय झालं? काय न्हाय. आता तू धर."

मी धरली. मग पुन्हा. आई दळण घेऊन आली आणि निम्मं मीठ जाळलं म्हणून आम्हा दोघांवर ओरडली, तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी मला मिळालेल्या पुडीनं जाळ विटकरी लाल झाला. या वेळी हात मागं आला नाही. कॅल्शियम लिहिलं. परीक्षकांनी वही पाहून मान डोलावली.

बाहेर आले तर कॉलेजच्या फाटकाशी दादा. कामावर गेलेच नव्हते. मी धावत जाऊन सांगणार होते, बरोबर आलं म्हणून. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"हात दाव," म्हणाले.

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी ते आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले आणि भर रस्त्यात एकेक बोट नीट पाहिलं.