सुईच्या दुसऱ्या दिवशीचं रक्त

"आधी रक्त, मग सुई." मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं रक्त तपासणारे नळीकाका हे उठता-बसता म्हणायचे. तिथल्या भिंतींनाही ते पाठ झालं होतं. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना मात्र काही केल्या पाठ होत नव्हतं.

सिस्टरांचं गणित निराळं. रक्त मंगळवारी काढायचं, म्हणून महिन्याचं इंजेक्शन त्या सोमवारीच टोचून मोकळ्या व्हायच्या. माणूस शांत बसतो, हात ओढत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. पण जाड सुई शिरली की स्नायू दुखावतो, आणि चुरगाळलेल्या पानानं रस सोडावा तसा आपलं एन्झाइम रक्तात सोडतो. दुसऱ्या दिवशी आकडा फुगलेला. काकांनी किती वेळा सांगावं? पालथ्या घड्यावर पाणी.

त्या मंगळवारी शिंपीदादाचा आकडा चौपट आला. चार वर्षं कानातल्या आवाजांशी भांडणारा हा माणूस या औषधानं आठ महिन्यांपूर्वी पुन्हा शिलाई मशीनवर बसला होता. नव्या डॉक्टरांनी कागद पाहिला, औषधच स्नायू खातंय असं धरलं आणि ते बंद करायचं लिहिलं. दादाची मोठी बहीण तो कागद घेऊन काकांच्या खिडकीशी आली.

"काका, मागं औषध सुटलं तेव्हा यानं घरातले सगळे पडदे एकमेकांना शिवून टाकले होते. कुणी आत येऊ नये म्हणून."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक वॉर्डात जाऊन त्यांनी सुई कधी दिली ते विचारलं. सोमवारी, नेहमीसारखी, सिस्टर वही न उघडताच म्हणाल्या.

"अहो बाई, आधी माणसाला बुक्की मारायची आणि मग विचारायचं, हा सुजला कसा?"

"मग हात धरायला तुम्ही या."

तिथून काका डॉक्टरांपुढे उभे राहिले. आता तुम्ही मला डॉक्टरकी शिकवणार का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, डॉक्टरकी तुमची, नळी माझी; पुढच्या सुईला जवळपास चार आठवडे आहेत, एक आठवडा थांबा, पुन्हा रक्त बघू. डॉक्टरांनी दादाला नीट तपासलं. औषध बाधलं तर येतो तसा ताप नव्हता, अंग ताठलेलं नव्हतं. थांबले.

पुढच्या मंगळवारी रक्त काकांनी स्वतः घेतलं. दादानं हात असा पुढं केला, जणू बाहीचं माप देतोय. दुपारी आकडा जागेवर आला. डॉक्टरांनी आपलीच ओळ खोडली आणि औषध चालू ठेवलं.

ताई काही बोलू गेली, पण काकांचं लक्षच नव्हतं. वॉर्डातून अकरा नव्या नळ्या आल्या होत्या, आणि अकराही जणांना आदल्याच दिवशी टोचलेलं. कपाळावर हात मारून त्यांनी ट्रे उचलला आणि पुटपुटत वॉर्डाकडे निघाले. बाकावरून बहीणभाऊ बघत राहिले. काकांच्या कोटाची खांद्यावरची शिवण उसवलीय, हे दादाच्या तेवढं लक्षात आलं.