खांद्यातले सात स्क्रू

माझा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ऊन तापायच्या आत पेणच्या खाडीकाठच्या मिठागरातलं मीठ टोपलीनं राशीवर नेऊन टाकायचं.

मिठागरावरची रीत अशी, की भरली टोपली डोक्यावर चढवायला दोघं लागतात. एकानं ‘हात लाव’ म्हणायचं, दुसऱ्यानं लावायचा. मी वीस वर्षं ते म्हटलं नाही. गुडघ्यावर, छातीवर, मग डोक्यावर, सगळं एकट्यानं.

शेजारची काशीबाई बरोबरच कामाला. म्हणायची, “जनू, एक दिस मान मोडंल तुझी.”

बाई चुकली. खांदा मोडला.

१९९४चा एप्रिल. ओल्या बांधावर टोपली चढवताना पाय घसरला. शहाण्यानं टोपली सोडली असती. मी धरून ठेवली. मीठ वाचलं, असं लिहायला आवडलं असतं. सगळं सांडलं, आणि दंड माझ्याच अंगाखाली आला.

माझी बायको सगुणा. तिचा भाऊ बाबाजी रोह्याजवळच्या वरसे गावात राहतो. त्यानं रोह्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे उजेडाला धरून ते म्हणाले, “दंडाचं हाड खांद्यात बसतं, तिथंच चार तुकडे झालेत. नुसत्या प्लॅस्टरनं जुळणार नाहीत. उघडून पट्टी बसवायची, स्क्रूंनी आवळायची.”

“टोपली उचलता येईल?”

“आधी हात डोक्यापर्यंत जाऊ दे.”

ऑपरेशन तीन तास चाललं. दुसरे राबताहेत आणि मी निजलोय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

पुढं व्यायाम. बोटांनी भिंत चढायची. जिथवर पोचेन तिथं सगुणा कोळशाची रेघ मारायची. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं होतं, मी साठ वेळा केलं. खांदा भोपळ्यासारखा सुजला.

“इथं मुकादम मी आहे,” डॉक्टर म्हणाले. “दहाच.”

सहा महिन्यांनी रेघ कपाळाच्या चार बोटं वर गेली. तिथंच थांबली.

जानेवारीत मिठागरावर गेलो. डोक्यावरची टोपली धरण्याइतका हात जात होता, चढवण्याइतका जोर नव्हता. भरल्या टोपलीपाशी उभा राहिलो. दोनदा खाकरलो.

“हात लाव गो काशीबाय.”

“काय रं? ऐकू नाय आलं.”

तीनदा म्हणायला लावलं. मग लावला.

घरावर कौलं घालायला राखलेली मजुरी त्या पट्टीत आणि सात स्क्रूंत गेली होती. त्यामुळे मे महिन्यात पुन्हा पेंढ्यानंच शाकारायला घेतलं. पेंढ्याचा भारा घेऊन शिडीवर अर्ध्यात अडलो. खाली सगुणा.

“हात लाव,” मी म्हटलं.

तिनं आधी काशीबाईला हाक मारली. ऐकायला.