मामांच्या चौदा पट्ट्या

आमचे मामा आवक विभागातले कारकून. आलेला अर्ज परत पाठवायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटरवर बसले. "टूलबार बसवू का?" असं स्क्रीनवर आलं की मामा "हो" दाबायचे. अशा बटणांच्या चौदा पट्ट्या स्क्रीनच्या वरच्या भागात ठाण मांडून बसल्या. चौदावी तर बाकीच्या तेरांवर लक्ष ठेवायला होती. खाली बातमी वाचायला दोन बोटं जागा उरली. मामा तिथेच एकेक ओळ सरकवत अख्खा पेपर वाचायचे.

माझं डोकं फिरलं. ते अंघोळीला गेल्यावर मी सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या. ते बाहेर आल्यावर म्हटलं,

"मामा, फुकटे घुसखोर होते हो ते!"

"असतील," मामा म्हणाले. "पण प्रत्येकाने आधी मला विचारलं होतं. तू विचारलंस?"