पाच फूट

नळ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली वायसर म्हणायची. नळ कसलाही गळो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "वायसर गेलाय." निम्म्या वेळा तो खरंच गेलेला असायचा.

त्याची एक सवय मात्र दुसऱ्या कुठल्या नळवाल्याला नव्हती. भिंत फोडून पाइप टाकले की गिलावा मारायच्या आधी तो उघड्या भिंतीचा फोटो काढायचा. "गिलावा झाला की भिंत मुकी होते," म्हणायचा. दहा वर्षांनी कुणाला आरसा टांगायचा असला की वायसर फोटो बघून सांगायचा, खिळा इथे मार, तिथे मारलास तर उभ्या उभ्या आंघोळ. बावीस वर्षांत असे एकतीस हजार फोटो साठले. आधी एका छोट्या कॅमेऱ्यात, मग चार मोबाइलांत. हवा तो सापडेपर्यंत गिऱ्हाईक खिळा मारून ओलं झालेलं असायचं.

शेवटी मुलीने सगळे एका अ‍ॅपमध्ये घातले. "हे चेहरे ओळखून आपोआप गठ्ठे लावतं, बाबा. वस्तू पण ओळखतं. तुम्ही फक्त नावं द्यायची."

"भिंत ओळखतं?"

"शिकवलं तर."

वायसर आठवडाभर शिकवत बसला. अ‍ॅप चेहरा दाखवून विचारायचं, हे कोण? एका गिझरच्या दोन चाव्या आणि खालची तोटी बघून त्याने तो माणूसच धरला. वायसरने घरमालकाचं नाव टाकलं. थोडंफार साम्य होतंच.

बायको तीस वर्षं दवाखान्यात चादरी धुण्याच्या विभागात होती. निवृत्तीला चार दिवस राहिले, तेव्हा निरोपाच्या फलकावर लावायला तिथल्यांनी तिचा एक जुना फोटो मागितला.

"ओळखपत्रावरचाच देते," ती म्हणाली. "चादरी चोरताना सापडल्यासारखी दिसते त्यात."

"बरा आहे की."

"भिंतींचे एकतीस हजार, माझा एक नाही. मी मेले असते तर पेपरात नळाचा फोटो छापला असता तुम्ही."

वायसरने मोबाइल गुपचूप मुलीच्या हातात दिला. तिने शोधलं: आई. काही नाही. बायको. काही नाही. आईचं नाव घातलं, तर अ‍ॅपने एक बादली दाखवली.

मग तिने चेहऱ्यांचे गठ्ठे उघडले. सगळ्यात मोठा सहाशे चौदा फोटोंचा. त्याखाली वायसरने लिहिलं होतं: पाच फूट.

"बाबा, हे काय?"

"उंची."

"नाव विचारलं होतं!"

"फोटोत मोजपट्टीचे आकडे वाचता येत नाहीत. तुझी आई बरोब्बर पाच फूट. तिला सुट्टी असली की कामावर न्यायचो आणि भिंतीला टेकवायचो. खांद्याला गरम पाणी, कोपराला गार. चुकायचं काम नाही."

बायको हात पुसत आली. "ते भिंतीचेच फोटो आहेत हो. मी आपली उभी असायचे."

पण बसली. एकेक सरकवत गेली. कमरेवर हात, हातात छिन्नी, केसांत सिमेंट. एकात पोट सात महिन्यांचं.

"यात मी पण आहे की!" मुलगी म्हणाली.

"तेव्हा सरळ उभीच राहीना," वायसर म्हणाला. "अर्धा पाइप झाकला."

एका फोटोत ती डोळे मिटून, तोंड उघडून हसत होती. बायको तिथे थांबली. "इथे का हसतेय मी?"

वायसरने फोटो मोठा करून पाइप बघितले. "जोड उलटा बसवला होता मी. तू दाखवलास. मग अर्धा तास हसलीस."

"आणि असा फोटो ठेवलात?"

"मागे भिंत होती ना."

फलकावर तोच लागला. मागे पाइप कसले, असं मुकादमाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे असेच काढतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅपने नवीन प्रश्न काढला. अलीकडच्या चार वर्षांतल्या तिच्या फोटोंचा त्याने वेगळा गठ्ठा लावला होता. दोन चेहरे शेजारी ठेवून विचारत होतं: ही एकच व्यक्ती आहे का?

वायसरने घाई केली नाही. या चार वर्षांत त्याच्या मापाने दोन ठिकाणी खिळा थेट पाइपात गेला होता. दोन्ही वेळा त्याने खिळ्याला दोष दिला होता.

"अगं, जरा दाराला टेक."

ती टेकली. त्याने तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली, पेन्सिलीने खूण केली आणि टेप लावला. चार फूट अकरा इंच. त्याने पुन्हा मोजलं.

"काय झालं?"

"एक इंच गेलाय."

"मग वायसर बदला," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

वायसर पेन्सिलीच्या खुणेकडे बघत राहिला. मग मोबाइल उचलून त्याने 'हो' दाबलं.