धीट झाल्याचा प्रसंग

२ मे, शुक्रवार. तीन दिवस भिजलेले गहू वाटून त्यांचा चीक फडक्यातून पिळायचा होता. दर्यापूरहून नणंद मदतीला आली होती. उद्या सकाळी चीक शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या. एकदा गहू भिजले की बाई घराबाहेर पडत नाही. बावीस उन्हाळे मी पडलेली नाही.

उद्याच सकाळी अकराला माझ्या अर्जाची मुदत संपत होती. अमरावतीच्या एका कॉलेजात समुपदेशनाचा अभ्यासक्रम, शनिवार-रविवार, अकोल्याहून एसटीने ये-जा. हे फक्त पुण्यात शिकणाऱ्या लेकीला माहीत होतं. अर्जात एक रकाना होता: गेल्या काही वर्षांत तुमच्यात झालेला बदल, प्रसंगासह. लेक फोनवर म्हणाली, "आई, आधी अडचण लिही, मग काय शिकलीस ते, शेवटी आताची तू. सगळे असंच लिहितात."

मी फोनमधल्या अर्जात लिहिलं, पूर्वी घाबरट होते, आता धीट झाले. प्रसंग म्हणून स्कूटी शिकल्याचं टाकलं.

फोन वाजला तेव्हा माझे हात चिकाने भरलेले. निरोप कुणाचा ते नणंदेला बघायला सांगितलं, तर तिने अर्जच वाचून काढला.

"वहिनी, धीट कोन, तुमी?" ती हसून राहिली. "स्कूटी त दादानं शिकवली. कॉलेजचं त्याले सांगतलं काय?"

"नाही."

"काहून?"

"ते नाही म्हनतीन."

"मंग झाल्या धीट!"

राग आला, पण तिचं चुकलं नव्हतं. चोथा पिळता पिळता दुसरा प्रसंग शोधला. लेक झाल्यावर शाळेतली नोकरी सोडली, ते घरच्यांनी सांगितलं म्हणून. सासूबाईंचं आजारपण काढलं, ते दुसरं कुणी नव्हतं म्हणून. प्रत्येक ठिकाणी मी होते तिथेच होते. रकाना पुसला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

सकाळी पाण्याला उकळी आली तसा चीक सोडला. एकदा सोडला की हात थांबवता येत नाही, गाठी होतात. नवरा वाटी घेऊन आला. गरम चीक तूप-साखर घालून त्यांना लागतोच. मी घोटता घोटताच कॉलेजचं सांगून टाकलं.

"सुट्टीच्या दिवशी घरी कोन राहीन?"

"तुमी."

नणंद सोऱ्याला तेल लावत होती.

"पाहू," ते म्हणाले आणि वाटी पुढे केली. आमच्या घरी 'पाहू' म्हणजे नाही.

मी वाटी भरली. चाटू नणंदेच्या हातात देऊन हात धुतले आणि रकान्यात लिहिलं: आज सकाळी नवऱ्याला सांगितलं. ते पाहू म्हणाले. तरी हा अर्ज पाठवत आहे.

पाठवला, आणि गच्चीवर कुरडया घालायला गेले.