काकाजींना बुलढाणा दाखवताना

बुलढाणा हे कचेऱ्यांचं गाव. कचेऱ्या उघड्या असल्या की ते शहर असतं. कुलपं लागली की थंड हवेचं एक मोठं खेडं उरतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही काकाजींना शहर पाहायला मी नेमकं अडीच दिवसांच्या सुट्टीतच बोलावलं, कारण मलाही तेव्हाच सुट्टी होती.

राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शनिवारी कचेरी अर्धा दिवस, मग रविवार, आणि सोमवारी महाराष्ट्र दिन. मी जिल्हा कचेरीत कारकून होतो. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही नवराबायको राहत होतो आणि गावाकडे पाठवलेल्या पत्रांतून मी बुलढाण्याचं वर्णन जरा सढळ हातानं केलेलं होतं. वाचनालयात बसून परदेशांची प्रवासवर्णनं वाचायची सवय होती. त्यांतली दोनचार विशेषणं आमच्या गावावर खर्च झाली असतील.

काकाजी म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. डोणगावला त्यांचा भाजीपाल्याचा मळा. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, मेहकरला मॅट्रिकला बसली होती आणि निकालाची वाट पाहत होती. पास झाली तर तिला बुलढाण्याच्या कॉलेजात जायचं होतं. राहायला आमचं घर होतंच. पण जालन्याकडचं एक बरं स्थळही सांगून आलं होतं, आणि काकाजींनी त्या लोकांना आखाडापर्यंत कळवतो म्हणून सांगितलं होतं. त्याआधी ते एकदा शहर पाहणार होते. शहर पसंत पडलं तर कॉलेज, नाही तर जालना.

मी कागदावर पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी केली. सुवाच्य अक्षरात, आकडे घालून. बायकोनं ती वाचली आणि विचारलं, "यातलं उघडं काय काय आहे?"

"घाट," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी काकाजी आणि बहीण चिखलीवरून येणाऱ्या बसनं उतरले. बरोबर वांग्यांचं पोतं आणि काकड्यांची टोपली. काकाजी कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जात नसत. ते पोतं तीन दिवसांत आमच्या गल्लीभर वाटलं गेलं आणि कधी बोलण्यात नसलेले शेजारीसुद्धा आमच्याशी बोलू लागले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पहिला नंबर साहेबांच्या बंगल्याचा.

"याच्यात राह्यते कोण?" काकाजींनी विचारलं.

"कलेक्टर साहेब."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे कोणी नाही. साहेब, बाईसाहेब अन् शिपाई."

काकाजींनी बंगल्याभोवतीच्या रिकाम्या जागेवर नजर फिरवली. "दोन एकर तरी असन. अन् एक मिरचीचं झाड नाही." पुढे चालू लागले.

कोर्टाची इमारत मात्र त्यांनी बराच वेळ पाहिली. दारं बंद, उन्हाळ्याची सुट्टी, व्हरांड्यात एक कुत्रं झोपलेलं. बांधाच्या एका भांडणापायी त्यांनी या व्हरांड्यात बऱ्याच चकरा मारल्या होत्या; कोर्टापलीकडचं शहर तेवढं पाहायचं राहिलं होतं. "बंद असलं का बरं दिसते," ते म्हणाले. तीन दिवसांत त्यांनी शहराच्या कोणत्याही इमारतीला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

वाचनालयाला कुलूप होतं. मी बाहेर उभा राहून आत पुस्तकं किती आहेत ते सांगू लागलो. काकाजी हाताची घडी घालून ऐकत होते. भाव करताना ते असेच उभे राहायचे. मी आणखी जोर केला. बहिणीनं मला हळूच बाजूला घेतलं.

"दादा, तुमी वाखाणू नका बाप्पा."

"काऊन?"

"तुमी वाखाणलं का बाबा भाव पाडते. बाजारात कोणी मालाची तारीफ केली का ते अर्ध्यावर येते. त्यायले माल कसा आहे ते हमालाले विचाराची सवय आहे. ज्यानं उचलला त्याले."

"मग मी काय करू?"

"गुमान राहा. नाही तर मले जालन्याले पोचोसान."

हे तिनं हसत सांगितलं, पण चपलेच्या अंगठ्यानं ती माती उकरत होती. सतरा वर्षांची पोरगी. त्या तीन दिवसांत तिनं वडिलांपुढे कॉलेज हा शब्द उच्चारला नाही.

कॉलेज गावाबाहेर. फाटकाला कुलूप. आत लिंबाखाली राखणदाराची बाज होती, तिच्यावर गोधडी होती, राखणदार नव्हता.

"हा कुठी गेला?" काकाजींनी विचारलं.

"बाजारात गेला असन."

"मग राखते काय?"

मला वाटलं होतं, ते इमारत पाहतील. ती नवी होती आणि दर्शनी भागावर खांब होते. त्या खांबांनी पेलावं असं मागे काही नव्हतं, पण लांबून ते छान दिसत. काकाजींना इमारतीत रस नव्हता. त्यांना राखणदार हवा होता. अर्धा तास ते फाटकाशी उकिडवे बसून राहिले. तेवढ्या वेळात बहिणीनं फाटकालगतच्या सूचनाफलकावर, जाळीच्या आत राहून गेलेलं गेल्या वर्षीचं वेळापत्रक वाचून काढलं. घरी आल्यावर तिनं ते माझ्या बायकोला तोंडपाठ म्हणून दाखवलं. सोमवारी पहिला तास तर्कशास्त्र.

संध्याकाळी घाट. पठार जिथं संपतं तिथं उभं राहिलं की खाली मलकापूरकडचा सगळा मुलूख दिसतो. बुलढाण्यात पाहुणा आला की त्याला तिथं नेऊन उभं करतात आणि तो काय म्हणतो याची वाट पाहतात.

"इथी लोकं काय कराले येते?" काकाजींनी विचारलं.

"हवा खायला."

"डोणगावात हवा नाही काय?"

बहिणीनं बजावल्याप्रमाणे मी गुमान राहिलो. परत येताना हॉटेलात चहा घेतला. तो चांगला आहे असं ते म्हणाले. रविवारचा हिशेब असा: कोर्ट बंद असल्यास बरं, चहा बरा, बाकी जालना.

सोमवारी सकाळी साडेसातला झेंडावंदन. माझी नेमणूक खुर्च्यांच्या समितीवर होती. खुर्च्या मांडणं हे काम सोपं वाटतं. ते राज्यकारभाराइतकंच अवघड आहे. सर्वांत पुढे कोच, मग हाताच्या खुर्च्या, मग बिनहाताच्या, मग बाकं, आणि शेवटी जनता, म्हणजे सतरंजी. कोण कोणत्या रांगेत याची यादी तीन साहेबांच्या सह्या होऊन आली होती. तिसऱ्या साहेबांनी दुसऱ्या साहेबांना हाताच्या खुर्चीवरून बिनहाताच्या खुर्चीवर आणलं होतं आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नव्हतं.

मी पाचला निघालो. काकाजी चारपासून जागेच होते. "इथी बसून काय करू, मीबी येतो हात लावाले," म्हणाले. बहीणही आली. मैदानावर माझे मजूर आलेले नव्हते. त्या दोघांना सतरंज्यांच्या गुंडाळ्यांपाशी सोडून मी शाळेतून बाकं आणायला गेलो. पुढचं मला बहिणीनं सांगितलं.

काकाजी सतरंजी उलगडू लागले. ती लांबलचक होती, एकट्याला आवरणारी नव्हती. तेवढ्यात खादीचा सदरा, धोतर आणि टोपी घातलेला एक माणूस मैदानाच्या कडेनं चालत आला आणि उभा राहिला. आता काकाजींचा हिशेब साधा होता: जो वेळेच्या आधी येतो तो कामाचा माणूस, मालक उशिरा येतो. मळ्यात तसं, बाजारात तसं, लग्नातही तसंच.

"ओ भाऊ, उभे काऊन? धरा न तिकडून."

त्या माणसानं टोपी सारखी केली आणि सतरंजीचं टोक धरलं. दोघांनी एक अंथरली, मग दुसरी. तिसरीला काकाजींनी त्याला सुरकुती कशी काढायची ते शिकवलं. मग दोघं टेकले. काकाजींनी पानाची चंची सोडली.

"कुठी असता?"

"कॉलेजात आहो."

काकाजी सावरून बसले. रविवारी फाटकापाशी जो माणूस सापडला नव्हता तो आपल्या पायांनी चालत आला होता.

"काम काय असते?"

"पोरायच्या मांगं लागाचं. घंटी येळेवर झाली का नाही पाहाचं. कोणी तासाले नाही आलं त हुडकून आणाचं."

"हाव. मग सांगा बरं खरंखरं. साहेबाले विचारलं त साहेब साहेबासारखंच सांगन. पोरी किती आहे?"

"यंदा अकरा होत्या."

"बसते कुठी?"

"पुढच्या दोन बाकावर. पोरं मांगं. काही पोरं तरास देते, पण पोरीबी काही कमी नाही. एकीनं एकाच्या वहीवर दौत ओतली होती."

"मास्तर?"

"दोन चांगले. एक बरा. तर्कशास्त्राचे सर विद्वान आहे, पण सकाळी उठनं होत नाही त्यायचं. सोमवारचा पहिला तास बुडते."

"इमारत त मोठी आहे."

"पुढून आहे. मांगच्या दोन खोल्या गळते. पावसाळ्यात त्या वर्गाले व्हरांड्यात बसवा लागते."

काकाजींनी आणखी पुष्कळ विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. मी बाकांची गाडी घेऊन परतलो तेव्हा ते दोघं सतरंजीवर मांडी घालून वांग्याच्या किडीवर बोलत होते. मी त्या माणसाला पाहिलं आणि माझ्या हातातली खुर्च्यांची यादी खाली पडली. ते कॉलेजचे प्राचार्य होते. यादीत त्यांचं नाव कोचावर होतं, आणि भाषण करणाऱ्यांतही होतं.

"काकाजी, जरा इकडे या," मी म्हणालो.

"थांब बे, माणूस कामाचं बोलून राह्यला."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. ती गप्प राहण्याची सूचना होती की नमस्कार, ते मला आजही सांगता येणार नाही. मी बाकं उतरवायला लागलो.

साडेसात झाले, आठ झाले, साहेब आले. झेंडा चढला. एका साहेबांनी बोलताना सह्याद्रीपासून सुरुवात केली आणि विदर्भापर्यंत यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. काकाजी सतरंजीवर शांतपणे सुपारी कातरत होते. मग पुकारा झाला, महाविद्यालयाचे माननीय प्राचार्य, आणि सकाळचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला.

काकाजींचा अडकित्ता थांबला.

प्राचार्य छापील मराठीत बोलले. आपलं महाविद्यालय हे ज्ञानाचं मंदिर आहे, त्याच्या भव्य वास्तूत सर्व सोयी उपलब्ध आहेत, अध्यापकवृंद कर्तव्यदक्ष आहे. टाळ्या पडल्या. मी काकाजींकडे पाहायचं टाळलं. बहिणीकडे पाहिलं तर ती खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होती.

कार्यक्रम संपल्यावर काकाजी म्हणाले, "सकाळी त म्हणे खोल्या गळते."

"काकाजी, ते प्राचार्य आहेत. मोठा माणूस."

"ते मले कळलं. पण मले त्यायनं शिपाई होऊन सांगितलं, अन् तिथी चढून साहेब होऊन सांगितलं. आता खरं कोणतं धरू?"

 याचं उत्तर मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं. काकाजींनी मात्र मार्ग काढला. घरी जाऊन त्यांनी उरलेली वांगी धोतराच्या सोग्यात बांधली आणि भर उन्हात आम्हाला घेऊन परत कॉलेज गाठलं. राखणदार आज बाजेवर होता. वांगी त्याच्या पुढ्यात ठेवून काकाजींनी सरळ विचारलं:

"खोल्या गळते काय?"

राखणदारानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी इंजिनिअर आहा काय?"

"नाही. पोरगी धाडाची आहे."

"मग गळते. मांगच्या दोन. तिसरी औंदा सुरू होईन."

"तर्कशास्त्राचे सर?"

"नवाच्या आधी मी त त्यायले कधी पाह्यलं नाही."

"अन् तुमचे मोठे साहेब?"

"ते माह्याआधी येते," राखणदार जरा तक्रारीच्या सुरात म्हणाला. "मले त्याच्यानं पाहाटं उठा लागते."

काकाजींनी त्याला पान दिलं. फाटकाबाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "सकाळचा खरा निघाला."

त्या संध्याकाळी जालन्याचा विषय निघाला नाही, कॉलेजचाही निघाला नाही. बहीण स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ बसून भाकरी थापत होती आणि तिच्या भाकरी एकसारख्या फाटत होत्या. "जेवणाले चालते," काकाजी म्हणाले आणि तीन खाल्ल्या.

मंगळवारी सकाळी मी त्यांना बसवर पोचवायला गेलो. माझी पाहण्याच्या ठिकाणांची यादी त्यांनी मागून घेतली होती. तिच्यात तंबाखू बांधलेली होती. बस सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जूनमधी वांगे नसतीन. भेंडी आणीन पोरीसंगं. सूनबाईले आवडते ना?"

"आवडते," मी म्हणालो. त्यांच्या पलीकडे बसलेल्या बहिणीनं पदर तोंडाला लावला होता आणि ती उलट्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत होती. तिथून पाहण्यासारखं बसस्थानकाच्या भिंतीखेरीज काही नव्हतं.

ती पास झाली, भेंडीसह आली आणि चार वर्षं आमच्याकडे राहिली. पहिल्या सोमवारी कॉलेजातून लवकर परत आली. तर्कशास्त्राचा तास झाला नव्हता.

"अन् तू निराश नाही झालीस?" माझ्या बायकोनं विचारलं.

"काऊन होऊ? शिपायानं बाबाले सांगितलंच होतं न."

तेव्हा कुठं मला शंका आली. "तुला सकाळीच कळलं होतं? सतरंजीवर?"

"कळलं न. शिपायाच्या खिशात दोन पेनं कुठी असते, दादा?"

"मग बोलली नाहीस ती?"

"सौदा जमून राह्यला होता," ती म्हणाली. "मधात कोण बोलते?"

आमच्या घरात प्राचार्यांना पुढे कायम शिपाईच म्हटलं गेलं. याहून मानाची पदवी आमच्या काकाजींकडे दुसरी नव्हती.